काढलेल्या गाठीचा पहिला तास

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्तनाच्या कर्करोगाच्या जनुक-चाचण्यांवर लेख आला. लेख चांगला होता, पण ज्या गाठीवर ही चाचणी करायची ती लॅबपर्यंत कशी पोहोचते, यावर त्यात एक ओळही नव्हती. मी 31 वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात त्या विभागात, टेक्निशियन होते. राहवलं नाही, म्हणून लिहिते.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचं, वय 61, दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. गाठ दोन सेंटिमीटरची, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर पोसणारी), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे गाठ भराभर वाढवणारं हर-टू प्रथिन जास्त नसलेली). 21 जनुकांची चाचणी अशाच रुग्णांसाठी आहे. त्यातली 16 जनुकं कर्करोगाशी निगडित, 5 तुलनेपुरती. पेशी किती वेगानं वाढताहेत, हार्मोनला किती दाद देतात, आजूबाजूला घुसायची त्यांची तयारी किती, हे त्या जनुकांच्या आरएनएवरून (कुठलं जनुक किती काम करतंय ते सांगणाऱ्या रेणूवरून) मोजून 0 ते 100 मधला एक आकडा देतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या टेलर-एक्स अभ्यासात दिसलं, की पन्नाशी ओलांडलेल्या अशा बायकांचा आकडा 25 पर्यंत असेल तर हार्मोनविरोधी गोळ्यांच्या जोडीला केमो देऊन जास्तीचा फायदा होत नाही. जाऊबाईंची केमो त्या आकड्यावर ठरायची होती.

दोन्ही घरांनी मिळून पैसे जमवले, ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, पाठवला. उत्तर आलं: आरएनए पुरेसा नाही, चाचणी होणार नाही.

ऑपरेशनच्या वेळी मी पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला होते. परतल्यावर चौकशी केली. शनिवारी दुपारी काढलेला स्तन अख्खाच्या अख्खा डब्यात टाकलेला, फॉर्मलिन (काढलेला भाग कुजू नये म्हणून वापरतात ते द्रावण) जेमतेम तो बुडेल एवढं, आणि डबा उघडला सोमवारी! फॉर्मलिन तासाला फार तर मिलिमीटरभर आत शिरतं. ते पोहोचेपर्यंत आतली गाठ कुजत राहते आणि आरएनए तुटत जातो. स्लाइडवर कर्करोग तरीही दिसतो, रिपोर्ट निघतो, म्हणून कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही. असे डबे मी नोकरीत कितीतरी उघडले आहेत. झाकण काढताच वासावरून कळायचं.

शेवटी डॉक्टरांनी वय आणि गाठीचा आकार बघून चार केमो दिल्या. गरज होती की नव्हती, हे आता कुणीच सांगू शकत नाही. जाऊबाईंच्या बोटांची टोकं बधिर झाली ती झालीच. पोळ्या लाटताना अजून लाटणं निसटतं.

बडोद्यातल्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरनं लॅबच्या फॉर्मवर दोन वेळा लिहाव्यात: गाठ किती वाजता निघाली आणि फॉर्मलिनमध्ये किती वाजता पडली. मधलं अंतर तासाच्या आत हवं. फॉर्मलिन गाठीच्या निदान दहापट हवं, आणि पॅथॉलॉजिस्टला विचारून, कडांना शाई लावून, गाठीला काप द्यायला हवा. फॉर्मलिनमध्ये गाठ 6 ते 72 तासच राहावी. शनिवारी ऑपरेशन असेल तर रविवारी कोण बघणार, हे आधी ठरलेलं असावं.

नातेवाइकांनीही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे विचारावं. रिपोर्टवरचा ब्लॉक नंबर जपून ठेवावा, लॅब ब्लॉक किती वर्षं ठेवते ते विचारून घ्यावं. ब्लॉक घरी आणलाच तर आपल्याकडच्या मे महिन्यात तो माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवू नये; मेण मऊ होतं.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, दांडिया बाजार, बडोदे