लोणीच्या ताईंना मनापासून थँक्यू

ताई,
नाव लिहू नका म्हणालात म्हणून नाही लिहीत, पण गोविंदनगरला आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यांच्याकडे कुत्री आहेत त्यांना कळेलच कोण ते. समोर बोलायला गेलं की तुम्ही लगेच "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून शेवटी इथे लिहितेय.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लोणी, आमचं कुत्र्याचं पिल्लू, घरी आली, आठ आठवड्यांची. सगळे पामेरियन म्हणायचे, तुम्हीच सांगितलंत की ही आपल्याकडची इंडियन स्पिट्झ. चौथ्याच दिवशी मी नवा कटर आणून, व्हिडिओ बघून तिची नखं कापायला बसले. तिची नखं काळी, काळ्या नखात आतली रक्ताची शीर बाहेरून दिसत नाही हे मला माहीतच नव्हतं, आणि दुसऱ्याच नखाला शीर कापली गेली. ती जी किंचाळली ना ताई, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. फरशीवर रक्ताचे थेंब, लेक रडतोय, सासूबाई हळद शोधतायत, आणि दारात तुम्ही, हातात कॉर्नफ्लॉवरची वाटी. चिमूटभर नखाच्या टोकाला लावून दाबून धरलंत आणि दोन-तीन मिनिटांत रक्त थांबलं. मला एका शब्दानेही बोलला नाहीत.

त्यानंतर कटर दिसला की लोणी दिवाणाखाली. कटरचं सोडा, पंजाला हात लावला तरी गुरगुरायची. घरात सगळ्यांचं एकच, दोघांनी घट्ट धरा, लहान आहे तोवर होईल सवय. मीही तेच करणार होते. तुम्ही म्हणालात, "आज धरून कापाल, उद्या मोठी झाली की चावेल, आणि मग सगळे तिलाच वाईट म्हणतील." मग मी म्हटलं कॉलेज रोडला कुत्र्यांच्या एखाद्या पार्लरमध्ये नेते, तर तेही थांबवलंत, कारण लसीचे डोस पूर्ण झाले नव्हते आणि पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या त्या जीवघेण्या संसर्गाची भीती. पण नुसती वाट बघत बसायचं नाही हेही तुम्हीच सांगितलंत, पिल्लू साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत नवीन गोष्टी पटकन स्वीकारतं, ते दिवस गेले की सगळं जड जातं. म्हणून जे करायचं ते घरातच.

आणि मग तुम्ही रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर, पावसात भिजलेली छत्री दाराबाहेर ठेवून, दहा मिनिटं आमच्याकडे. पहिला आठवडाभर कटर फक्त तिच्या जेवणाच्या भांड्याशेजारी पडून होता. मग पंजाला बोट लावायचं आणि उकडलेल्या चिकनचा एक बारीक तुकडा, बास, संपलं. मग तुम्ही ती कच्ची मॅकरोनी आणलीत. लोणी चिकन खातेय आणि तुम्ही शेजारी बसून कटरने एकेक मॅकरोनी कापताय, कट्, तुकडा, कट्, तुकडा. तिला पायापेक्षा त्या आवाजाची धास्ती जास्त बसलीये हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चौथ्या दिवशी कट् झालं की ती पळायच्या ऐवजी तुमच्या हाताकडे बघायला लागली, तेव्हा मला खरंच रडू आलं.

सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही शिकवलीत ती म्हणजे थांबायचं कधी. मला वाटायचं ती जांभई देतेय म्हणजे झोप आली, तुम्ही म्हणालात नाही, घाबरलीये. जीभ ओठांवरून फिरवणं, तोंड वळवणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं ती गुरगुरायच्या आधी सांगत असते, आणि आपण ऐकलं नाही की मग तिला गुरगुरावं लागतं. एकदा तीन नखं मस्त झाली म्हणून मी चौथं धरलं, तिने तोंड वळवलं, आणि तुम्ही हळूच माझ्या हातातून कटर काढून घेतलात. "उद्या." एवढंच. माझा लेक सहावीत आहे, आता तो पाहुण्यांनाही सांगतो, ती नको म्हणतेय, हात काढा.

आंघोळीचंही तसंच. टबात खाली जुना टॉवेल घातलात कारण पाय घसरला की पिल्लू जास्त घाबरतं, भिंतीच्या टाइल्सना घरचं दही फासलंत, ती चाटत बसली आणि कोमट पाणी कधी ओतलं तिला कळलंही नाही. पीनट बटर लावू का विचारलं तर आधी डबा उलटा करून वाचायला लावलात, साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल असेल तर कुत्र्याला विष आहे ते. ड्रायर आधी पलीकडच्या खोलीत लावायचा, मग रोज थोडा जवळ, घाई नाही. ब्रश आधी माझ्याच हातावर फिरवून दाखवलात, किती टोचतो ते कळावं म्हणून. आणि सासरे "येत्या उन्हाळ्यात हिचं टक्कल करू" म्हणाले तेव्हा तुम्ही त्यांना शांतपणे समजावलंत की या जातीच्या केसांचे दोन थर असतात, तेच उन्हापासूनही वाचवतात, आणि एकदा मशीन फिरवली की कधीकधी केस पहिल्यासारखे येतच नाहीत. सासरे कुणाचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकलं.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे गोचीड बघायची सवयही तुमच्यामुळेच लागली. सप्टेंबरमध्ये दोन सापडल्या. लोणी पंजा सोडवून न घेता पडून राहिली म्हणूनच त्या वेळेवर दिसल्या, गोचीड ताप किती वाईट ते आमच्या गल्लीत बघितलंय सगळ्यांनी.

डोस पूर्ण झालेत, परवा तिला पहिल्यांदा पार्लरला नेलं. टेबलावर थोडी थरथरली, माझ्याकडे बघितलं, आणि त्या मुलाने हात पुढे केला तर हिने आपणहून पंजा ठेवला त्याच्या हातावर. तो विचारत होता कुठे ट्रेनिंग केलं. मी तुमचंच सांगितलं, नाव न घेता.

तुमची कॉर्नफ्लॉवरची वाटी अजून आमच्याकडेच आहे, रिकामी कशी परत करणार. कोजागिरीला मसाला दूध करतेय, त्यातलंच भरून घेऊन येते, लोणीही येणारे सोबत.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची लोणीची आई