प्रात्यक्षिकाचा पहिला तास कमांड लाइनवर व्हावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या मुलांनी मुंबई-पुण्याची वाट न धरता गावात राहूनच सॉफ्टवेअरची कामे करावीत, असे आपण सारेच म्हणतो. त्यासाठी लागणारी एक साधी गोष्ट आपल्याकडच्या संगणक प्रयोगशाळांत शिकवायची राहून जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ॲप्लिकेशन सर्व्हर (आपण लिहिलेले ॲप्लिकेशन ज्यावर चालते तो प्रोग्राम) कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, स्वतः सुरू करणे, त्याचा लॉग (तो काय करतो याची नोंद) वाचणे आणि तो नीट बंद करणे, एवढीच ती गोष्ट आहे.

मी रत्नागिरीत राहून जावा या प्रोग्रामिंग भाषेतील कामे करतो. गेल्या पावसाळ्यात जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचे प्रकल्प पाहण्यासाठी गेलो होतो. दोन विद्यार्थिनींनी आंबा बागायतदारांना पेट्यांचा हिशेब ठेवता यावा म्हणून वाइल्डफ्लाय या ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालणारे ॲप्लिकेशन तयार केले होते. काम चांगले होते, पण ते सुरूच होईना. आयडीईमधले (प्रोग्राम लिहिण्याच्या आणि चालवून पाहण्याच्या सॉफ्टवेअरमधले) हिरवे बटण दाबले की सर्व्हर सुरू होऊ शकला नाही, एवढाच लाल संदेश येई. दोन दिवस त्या मुलींनी संथ इंटरनेटवर आयडीई पुन्हा पुन्हा उतरवून बसवला होता. मी कमांड लाइनची काळी स्क्रीन उघडली, सर्व्हरच्या ‘बिन’ फोल्डरमध्ये जाऊन ‘स्टँडअलोन डॉट बॅट’ चालवले आणि सरकत्या ओळींमध्ये आम्हाला हवी ती ओळ सापडली: ८०८० हा पोर्ट (सर्व्हर ज्यावर विनंत्या घेतो तो क्रमांक) आधीच वापरात आहे. दोन दिवसांपूर्वी अडकलेला आयडीई त्यांनी जबरदस्तीने बंद केला होता, पण त्याने सुरू केलेला सर्व्हर मागे तसाच चालू राहिला होता. ‘नेटस्टॅट’ या आज्ञेने त्या मागे राहिलेल्या प्रक्रियेचा क्रमांक शोधून ती बंद केली आणि पाच मिनिटांत पेट्यांचा हिशेब स्क्रीनवर आला. यात त्या मुलींचा काहीही दोष नव्हता; ती ओळ कुठे दिसते, हे त्यांना कोणी दाखवलेच नव्हते.

वाइल्डफ्लायला पूर्वी जेबॉस ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणत आणि २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीपासून त्याचे नाव बदलले, त्यामुळे जुन्या नोट्स वाचणारी मुले बरेचदा गोंधळतात. त्याच्या ‘स्टँडअलोन’ पद्धतीत एकच सर्व्हर आपल्या एकाच कॉन्फिगरेशन फाइलनुसार चालतो आणि शिकण्यासाठी किंवा विकासाच्या कामासाठी तेवढे पुरते. अनेक सर्व्हर एका ठिकाणाहून सांभाळायचे असतील तरच ‘डोमेन’ पद्धतीकडे वळावे. विंडोजवरची ‘स्टँडअलोन डॉट बॅट’ ही आज्ञा लिनक्सवर ‘स्टँडअलोन डॉट एसएच’ या नावाने असते. आपली वॉर फाइल (संपूर्ण ॲप्लिकेशन एकत्र बांधलेली फाइल) ‘डिप्लॉयमेंट्स’ फोल्डरमध्ये ठेवली की सर्व्हर दर पाच सेकंदांनी तिथे पाहतो आणि ती चढवतो. चढली तर शेजारी ‘डॉट डिप्लॉइड’ अशा शेवटाची छोटी फाइल तयार होते, फसली तर ‘डॉट फेल्ड’ची, आणि ही दुसरी फाइल नोटपॅडमध्ये उघडली की फसण्याचे कारण आत लिहिलेले असते. मला ही सोय फार मोलाची वाटते, कारण चूक झाली म्हणून घाबरण्याऐवजी चूक वाचायची सवय विद्यार्थ्याला लागते. काम संपले की त्याच खिडकीत कंट्रोल आणि सी दाबायचे. सर्व्हर आवराआवर करून थांबतो आणि मागे काही अडकून राहत नाही.

आपल्याकडच्या परिस्थितीत याचे महत्त्व अधिक आहे. प्रयोगशाळांत ४ जीबी मेमरीचे संगणक अजून आहेत आणि मोठा आयडीई उघडताच ते धापा टाकू लागतात. सर्व्हर मात्र मूळ मांडणीनुसार ६४ एमबी हीपपासून (जावा प्रोग्रामला कामासाठी मिळणाऱ्या मेमरीपासून) सुरू होतो आणि त्या हीपची मर्यादा ५१२ एमबी असते. जून ते सप्टेंबरमध्ये एका तासिकेत दोनदा लाइट गेली, तर आयडीई पुन्हा उघडून प्रकल्प वाचून होईपर्यंत तासिका संपते, तर कमांड लाइनवर एका आज्ञेत काम पुढे चालू होते. शिवाय प्रत्यक्ष नोकरीत किंवा घरून घेतलेल्या कामात दूरच्या लिनक्स सर्व्हरवर आयडीई नसतोच. तिथे फक्त टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, असते.

आयडीई वापरू नये, असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः रोज वापरतो. पण सर्व्हर टर्मिनलमधून ‘डीबग’ (चुका शोधण्याच्या) पर्यायासह सुरू करून ८७८७ या पोर्टवर आयडीई जोडता येतो आणि मग कोण कोणाला चालवत आहे, हे विद्यार्थ्याला स्पष्ट दिसते. एक सावधगिरी मात्र शिकवलीच पाहिजे. सर्व्हर सुरुवातीला फक्त त्याच संगणकाला उत्तर देतो. मोबाइलवर ॲप्लिकेशन पाहता यावे म्हणून मुले सर्व्हर सुरू करताना ‘-बी ०.०.०.०’ हा पर्याय देतात, तेव्हा ते वाय-फायवरच्या सर्वांना खुले होते. घरच्या वाय-फायवर ते चालेल, परंतु व्यवस्थापनाचा ९९९० हा पोर्ट तसा कधीही उघडू नये.

जिल्ह्यातील प्राचार्यांना आणि संगणक विभागांच्या प्रमुखांना माझी विनंती आहे की, सर्व्हर सुरू करा, फाइल चढवा, लॉगमधील एक चूक शोधून दाखवा आणि सर्व्हर बंद करा, एवढा एक प्रश्न प्रात्यक्षिक परीक्षेत ठेवावा. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर किंवा निधी लागत नाही. पहिली तासिका घेण्यासाठी कोणत्याही महाविद्यालयात शनिवारी विनामोबदला येण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक सॉफ्टवेअर अभियंता, रत्नागिरी