चाळीस हजार खिशातच राहू देत

पुणे,
२३ ऑक्टोबर

प्रिय मन्या,

वजनाचे फोटो मिळाले. काट्यावर पातेलं, पातेल्यावर चाक आणि मागे कमरेवर हात ठेवून उभ्या वहिनी. त्यांना नमस्कार सांग, आणि ते पातेलं नीट घासून जागेवर ठेव.

पुढचं चाक २ किलो ३३० ग्रॅम, मागचं कॅसेटसकट (म्हणजे गीअरच्या दातेरी चकत्यांसकट) ३ किलो ८० ग्रॅम. चौदा किलोच्या, २९ इंची चाकांच्या माउंटन बाइकला हे आकडे काही वाईट नाहीत, मागचं जरा जास्त आहे आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे, त्यावर येतोच. पण तू वजन केलंस काय आणि लगेच चाळीस हजारांची कार्बनची चाकं शोधून ‘घेऊ का’ म्हणून विचारतोस काय! नको घेऊस. का नको ते पत्रात लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आधी ते ‘चाकावरचा एक ग्रॅम म्हणजे फ्रेमवरचे दोन ग्रॅम’ हे प्रकरण मिटवून टाकू. ते खरं आहे, पण अर्धंच. सायकल वेग घेते तेव्हा रिमच्या कडेचं वजन पुढेही ढकलावं लागतं आणि गरगर फिरवावंही लागतं, म्हणून ते दुप्पट मोजायचं. हे फक्त वेग वाढवताना. एका लयीत घाट चढताना टायरमधला ग्रॅम आणि बाटलीतल्या पाण्याचा ग्रॅम एकाच भावाचे. शिवाय दुप्पट धरायचं ते कडेच्या सामानाचं, म्हणजे टायर, ट्यूब आणि रिम यांचं. हब, ब्रेकची डिस्क, कॅसेट हे सगळं मधे किंवा मधल्या भागाजवळ. ते फिरवायला फार थोडं लागतं. हलकी कॅसेट घेतली की चाक पळायला लागतं असं कुणी दुकानात सांगितलं तर मान डोलव आणि बाहेर पड. २९ चं चाक मोठं, म्हणून त्याच्या कडेच्या वजनाला जादा दंड, असंही तुला कुणीतरी सांगितलंय ना? तेही खोटं. मोठं चाक तेवढ्याच वेगाला कमी फेरे घेतं, हिशेब फिटतो. रिम आणि टायर लांबीला २६ इंचीपेक्षा साधारण ११ टक्के जास्त असतात, तेवढं सामान वाढतं, बाकी काही नाही.

आता तुझा साताऱ्याचा घाट घेऊ. यवतेश्वरचा चढ चढून वर कासच्या रस्त्याला लागायला तुला पाऊण तास लागतो असं धर. तू, सायकल, बूट, पाणी मिळून नव्वद किलो. दोन्ही चाकांतून मिळून सातशे ग्रॅम कमी केले (होतात, पुढे सांगतो), तर एकूण ओझ्याच्या पाऊण टक्का. एवढ्या चढाला जवळजवळ सगळी ताकद वजन वर ओढण्यातच जाते, म्हणून वेळही तेवढाच वाचणार: वीस सेकंद. वेग घेताना दुप्पट धरलं तरी दीड टक्का. बस्स. वर पोचल्यावर तू चहाची ऑर्डर द्यायला याच्यापेक्षा जास्त वेळ लावतोस.

मग हलकी चाकं करायचीच कशाला, असं म्हणशील. करायची, कारण घड्याळाला न कळणारी गोष्ट हाताला कळते. तुझ्या पुढच्या चाकात कडेला किती वजन आहे बघ. रिम सहाशेच्या आसपास (त्या जातीच्या डबल वॉल ॲल्युमिनियम रिम तेवढ्याच भरतात), टायर ८६०, ट्यूब २२०, रिमवर बसवलेली रबरी पट्टी पंचवीस. झाले सतराशे. त्यातून तीनशे गेले की सहाव्या हिश्शापेक्षा जास्त गेलं. नव्वद किलोंत जे दिसत नाही, ते सतराशे ग्रॅमांत ढळढळीत दिसतं. अजिंक्यताऱ्याच्या अंगाखांद्यावरच्या त्या दगडाळ पायवाटांवर तू सरळ रेषेत कुठे जातोस? दर दोन-चार मीटरला हँडल इकडे, हँडल तिकडे, पुढचं चाक उचलून गोट्यावर टाक, ब्रेक, पुन्हा दोन पॅडल जोरात. फिरणारं जड चाक वळायला कुरकुरतं. उचलायला जड लागतं. आणि सस्पेन्शनच्या खाली लोंबणारं वजन जेवढं जास्त, तेवढा पुढचा चिमटा (फोर्क) दगडावरून उशिरा सावरतो. या सगळ्यात फरक पडतो, आणि तासाभराने तो खांद्यांत जाणवतो. एवढ्यासाठी खर्च करायला माझी हरकत नाही. फक्त पैसे रबरावर घाल, रिमवर नको.

सुरुवात मागच्या चाकापासून. काट्यांचा त्रास होतो म्हणून तुझ्या पंक्चरवाल्याने जुनी ट्यूब उभी कापून तिची पट्टी टायरच्या आत घातली आहे, तूच मागे सांगितलं होतंस. ती पट्टी शंभर-सव्वाशे ग्रॅमची तरी असते, आणि बसवली आहे कुठे, तर चाकाच्या सर्वांत बाहेरच्या कडेला. ती काढायची, फुकट. आता काटे कोण थांबवणार? ते सीलंट थांबवेल, म्हणजे टायरमध्ये ओतायचं, भोक बुजवणारं पातळ रसायन. आणि ट्यूब काढूनच टाकायची, म्हणजे ट्यूबलेस.

माउंटन बाइकवर ट्यूबलेस काही कालची नाही. माविक, ह्युचिन्सन आणि मिशलँ या कंपन्यांनी मिळून १९९९ साली तिची पहिली ठरीव पद्धत आणली. तेव्हा त्यात सीलंटही लागत नसे. आपल्याकडे मात्र सीलंटशिवाय ट्यूबलेस म्हणजे गंमत. तुला सराटा माहीतच आहे. पाऊस संपला, गवत वाळलं की त्याची ती शिंगंवाली फळं वाटेवर पडतात, आणि कशीही पडली तरी एक टोक वरच असतं. गेल्या हिवाळ्यात वेताळ टेकडीवरून उतरल्यावर मी टायर फिरवून पाहिला, तर काळ्या रबरावर ठिकठिकाणी पांढरे ओले ठिपके. प्रत्येक ठिपक्यात एक तुटलेलं टोक. ट्यूब असती तर मी तिथेच सोल्यूशन आणि पॅच घेऊन बसलो असतो. हवा मात्र जवळपास सकाळी भरली होती तेवढीच. काटा दिसला तर उपटू नकोस, उपटलास तर भोक खाली करून चाक थोडा वेळ तसंच ठेव, सीलंट तिथे जमतं आणि भरतं. एक गोष्ट लक्षात ठेव: कधी टायर फाटून वाटेत ट्यूब घालायची वेळ आली, तर आधी आतून सगळीकडे बोट फिरव. ती तुटलेली टोकं आतल्या बाजूला तशीच असतात आणि नवी ट्यूब पाच मिनिटांत खातात.

हिशेब असा. २२० ची ट्यूब आणि पंचवीसची पट्टी गेली; त्याजागी रिमची भोकं बंद करणारी टेप दहा, व्हॉल्व्ह सहा-सात, सीलंट नव्वद मिली म्हणजे ढोबळमानाने नव्वदच ग्रॅम. एका चाकामागे १४० वाचले. तुझे टायर तारेच्या कडेचे आहेत, ते बदलून घडी होणारे, केवलारच्या कडेचे, २.२५ इंच रुंदीचे टायर घे, साधारण सातशे ग्रॅमचे. आणखी १६०. म्हणजे चाकी तीनशे, आणि मागे त्या जुन्या ट्यूबच्या पट्टीचे वेगळे. हेच ते सातशे ग्रॅम. टायर, टेप, व्हॉल्व्ह, सीलंट सगळं मिळून दहा हजारांच्या आत-बाहेर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टायर शोधायला बसलास की तुला साडेपाचशे ग्रॅमचे टायरही दिसतील आणि हात शिवशिवेल. घेऊ नकोस. ते वजन टायरच्या बगलेतून काढलेलं असतं. परदेशात भुसभुशीत मातीच्या, मऊ जंगलवाटांच्या शर्यतींसाठी ते ठीक. आपला बेसाल्ट फुटतो तो धार घेऊन फुटतो. मुरमातून वर आलेल्या एका कोपऱ्यावर ती पापडासारखी बगल घासली की बोटभर चीर पडते, आणि एवढ्या चिरेला सीलंट काही करू शकत नाही. सातशे-साडेसातशेच्या खाली उतरू नकोस. आणि वजनापेक्षाही टायरचं रबर आणि विणकाम बघ. ६० किंवा १२० टीपीआयचं (इंचामागे तेवढे धागे) लवचीक विणकाम दगडावर वाकतं, पुढे सरकतं. जाड, ताठ टायर प्रत्येक गोट्यावर उडी मारतो आणि ती उडी तुझ्या पायांतून वसूल करतो. तोच टायर ट्यूबलेस असला की हवा कमी ठेवता येते. ट्यूब असताना तू तीस-पस्तीस पीएसआय भरतोस, नाहीतर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली जाते. ट्यूबलेसला पुढे बावीस, मागे पंचवीसने सुरुवात कर. माझ्या मते वाचलेल्या तीनशे ग्रॅमांपेक्षा या दहा पीएसआयनेच तुझी सायकल जास्त बदलेल. पण ते तू मला नंतर सांग.

बसवायचं तू स्वतः बसव. नवा टायर आधी ट्यूब घालून एक रात्र हवा भरून ठेव, घडीच्या सुरकुत्या जातात. मग ट्यूब काढ, रिमची जुनी पट्टी सोल, रिम स्पिरिटने पुसून कोरडी कर. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद असावी. व्हॉल्व्हच्या भोकाच्या थोडं अलीकडून सुरू कर, चांगली ताणत, अंगठ्याने दाबत फिरव आणि भोकाच्या थोडं पलीकडे संपव. टायरच्या कडांना साबणाचं पाणी लाव. व्हॉल्व्हची आतली पिन काढून टाक, म्हणजे हवा धाडकन आत जाते. तुझ्या हातपंपाने नाही बसला तर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर ने. तुझ्या रिमची भोकं मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची आहेत, हे इथे कामी येतं. तशाच जातीचे ट्यूबलेस व्हॉल्व्ह मिळतात. फक्त त्याला सांग, टायरवर लिहिलेल्या आकड्याच्या वर भरू नको. दोन-तीनदा ‘ठॉक, ठॉक’ आवाज येईल, दचकू नकोस, टायरची कड जागेवर बसतेय. रिमला लागून टायरवर एक बारीक रेघ असते, ती चारी बाजूंनी रिमपासून सारख्या अंतरावर दिसली की बसला. मग हवा सोड, व्हॉल्व्हमधून सीलंट घाल, पिन लाव, हवा भर, आणि चाक आडवं धरून दोन्ही अंगांनी हलव. हे अंगणात कर. अमोनियाचा वास येतो, आणि वहिनींच्या पातेल्याचं प्रकरण अजून ताजं आहे. उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं, थोडं थोडं घालत राहावं लागतं.

स्पोक (चाकाच्या तारा) आणि त्यांना रिमशी घट्ट करणारे निपल यांना सध्या हात लावू नकोस. मधे बारीक असलेले डबल बटेड स्पोक घेतले तर बत्तीस तारांमागे चाळीस ग्रॅम वाचतात, आणि ते कोपऱ्याशी तुटतातही कमी, कारण मधला बारीक भाग ताण खातो. पण त्यासाठी अख्खं चाक पुन्हा विणायचं. रिम वाकून बदलायची वेळ येईल तेव्हा बघू. ॲल्युमिनियमचे निपल तर तेव्हाही नको. चाकामागे वीस ग्रॅमसाठी साताऱ्याच्या पावसात ते गंजणार, टेपमधून सीलंट झिरपलं तर आणखी लवकर, आणि मग चाकाचा आउट (हेलकावा) काढायला चावी लावली की मुंडकं हातात. पितळेचेच राहू देत.

राहिलं कार्बन. त्या रिम तुझ्यापेक्षा दीड-दोनशे ग्रॅमने हलक्या असतील, मान्य. पण माउंटन बाइकच्या चाकातली मोठी झेप केव्हाच होऊन गेली. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात ती पोरं जुन्या जड सायकली डोंगरावर नेऊन ‘रिपॅक’ नावाच्या उतारावरून सोडायची, तेव्हा रिम पोलादी असायच्या. (नाव असं पडलं, कारण खाली पोचेपर्यंत हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि नवं भरावं लागायचं.) नंतर ॲल्युमिनियमच्या रिम आल्या आणि चाकं किलोच्या हिशेबात हलकी झाली. आता उरली आहे ती चिल्लर, आणि तिचा भाव फार आहे. तुझी रिम दगडावर आपटली तर पोचा येतो, पाना लावून तो सरळ करता येतो, ट्यूब घालून घरी येता येतं. कार्बनला तडा गेला की ती चाकं भिंतीला टांगायची.

एक शंका आहे ती तूच फेडायची. तुझी रिम ट्यूबलेस-रेडी आहे का हे मला फोटोत दिसत नाही. टायर काढून रिमच्या आत बघ: दोन्ही कडांना सपाट पायरी आणि तिच्या आतल्या बाजूला बारीक उंचवटा हवा, मधे खोल चर हवी. रिमवर ६२२ (२९ इंची रिमच्या व्यासाचा आकडा) च्या शेजारी एक आकडा छापलेला असेल, बहुधा २१ ते २५, ती आतली रुंदी. टेप त्यावरून ठरेल. पायरी-उंचवटा नसेल तर ट्यूबलेसचा हट्ट सोडू, टायर बदलून टीपीयू नावाच्या लवचीक प्लास्टिकच्या पातळ ट्यूब घालू. त्या शंभर ग्रॅमच्या आत येतात, पण बहुतेक बारीक व्हॉल्व्हच्या मिळतात म्हणून भोकाला बूच लागेल, त्यांना आपलं नेहमीचं सोल्यूशन चालत नाही, आणि टायरबाहेर जास्त फुगवल्या तर कायमच्या ताणतात. काट्यांसाठी मग वेगळा विचार.

टेप आणि दोन व्हॉल्व्ह माझ्याकडे पडून आहेत. तुझा आकडा कळला की शनिवारी स्वारगेटवरून एसटीच्या पार्सलला टाकतो. तोवर टायर मागवू नकोस.

तुझा,
संज्या