उलटी काढणे हा उतारा नव्हे

महोदय,

आषाढ अमावास्या जवळ आली की मटणाच्या दुकानांपुढील रांगा आणि पोलिसांची नाकाबंदी यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत ठरलेल्या असतात. गटारीच्या रात्री ग्रामीण रुग्णालयात काय येते, हे मात्र क्वचितच छापून येते. मी तेथे वैद्यकीय अधिकारी होतो.

अशाच एका मध्यरात्री दोघा मित्रांनी तिसऱ्याला मोटारसायकलवर मध्ये धरून आणले. त्याच्या सदऱ्यावरचा लाल डाग रश्श्याचा आहे, असे ते ठासून सांगत होते. चढलेली उतरावी म्हणून त्यांनीच त्याला मिठाचे पाणी पाजून, घशात बोटे घालून चार-पाच वेळा ओकायला लावले होते. डाग रश्श्याचा नव्हता.

जोराच्या उमाशांनी अन्ननलिका जठराला मिळते तेथील अस्तर उभे चिरते आणि रक्त येते. अतिमद्यपान करणाऱ्या रुग्णांतील ही जखम बॉस्टनच्या मॅलरी आणि वाइस या डॉक्टरांनी १९२९ मध्ये वर्णिली. बहुतेकदा ती दोन-तीन दिवसांत आपोआप भरते; पण क्वचित नलिकेची भिंतच आरपार फाटते आणि मग एकेक तास मोलाचा ठरतो. १७२३ मध्ये वासेनार या डच नौदलप्रमुखाने मेजवानीनंतर पोट जड वाटले म्हणून ओकारीचा काढा घेतला आणि दुसऱ्याच दिवशी तो दगावला; शवविच्छेदन करणाऱ्या बुरहाव्हे यांना छातीच्या पोकळीत त्याने खाल्लेल्या बदकाचा वास आला होता. आपले मिठाचे पाणी त्या काढ्याहून फारसे वेगळे नाही.

अशा फाटण्यात रक्त थोडेच दिसते, उलटीनंतर छातीत एकाएकी असह्य कळ येते, आणि घरचे ‘पित्त झाले’ म्हणून थंड दूध देतात, जे थेट छातीत उतरू शकते. यकृत खराब झालेल्या जुन्या पिणाऱ्याच्या अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटल्या तर प्रकार आणखी निराळा, रक्ताचा लोटच येतो. यांतले नेमके काय झाले, हे दुर्बिणीने तपासल्यावाचून किंवा स्कॅन केल्यावाचून ठरत नाही. घरी तर नाहीच.

म्हणून रक्ताची किंवा चहाच्या चोथ्यासारखी काळी उलटी झाली, तर रुग्णाला कुशीवर निजवावे, तोंडाने काही देऊ नये, वेदनाशामक गोळी तर मुळीच नको, आणि सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. किती प्याला, हेही डॉक्टरांना खरे सांगावे. नातेवाईक हमखास लपवतात ते नेमके हेच. यंदा नाकाबंदीच्या बातमीशेजारी एवढ्या मजकुराला जागा द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी