पऱ्हाटीचं औषध बैलांच्या अंगावर नको

महोदय,

पोळा तोंडावर आला आहे. खांदेमळणीला बैल नाल्यावर धुतले जातात, तेव्हा कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, जांघेत चिकटलेले गोचीड दिसतात. मग घरधनी म्हणतो, "पंपात थोडं औषध उरलं आहे, तेच मारतो." पशुधन पर्यवेक्षकाच्या नोकरीत हे वाक्य मी सतत ऐकलं. निवृत्तीनंतरही ऐकतोच आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या गोठ्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारून उरलेलं औषध एका गोऱ्ह्याच्या पाठीवर ओतलं गेलं. त्यानं अंग चाटलं. थोड्याच वेळात तोंडातून लाळेच्या तारा लागल्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, मागचे पाय लटलट कापू लागले. पशुवैद्यकांनी वेळेवर येऊन अॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, दिला म्हणून गोऱ्हा वाचला. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कास्तकार आणि मजूर दगावले होते. ते आपण इतक्या लवकर विसरलो?

गोचिडासाठी जनावरांचं वेगळं औषध मिळतं. अमिट्राझ १२.५ टक्के असेल तर लिटरभर पाण्यात २ मिली पुरतं. गाभण किंवा आजारी जनावर असेल तर आधी दवाखान्यात विचारावं. मात्र नुसतं जनावराला औषध लावून भागत नाही. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, खुंट्याच्या बुडाशी, शेणाच्या ढिगाखाली हजारो अंडी घालते. भेगा बुजवल्या नाहीत, गोठ्यात फवारणी केली नाही, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा औषध लावलं नाही, तर पैसे आणि मेहनत दोन्ही पाण्यात. वावरातल्या राखणीच्या कुत्र्यालाही विसरू नये. तो रात्री आपल्याच खाटेखाली झोपतो, आणि त्याच्या अंगावरचे गोचीड भिंतीवर चढतात. मांजर असेल तर जास्तच सांभाळावं, कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला विषासारखं असतं.

निंदणाला जाणाऱ्या बायांनी घरी आल्यावर कंबर, काखा, गुडघ्यामागची बाजू आणि लेकरांच्या कानामागची जागा बघावी. चिकटलेल्या गोचिडाला बिडीचा चटका देऊ नये, रॉकेल लावू नये. त्यानं तो डिवचला जातो आणि पोटातली घाण जखमेत सोडू शकतो. बारीक चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढावा, नखानं चिरडू नये, मग जागा साबणानं धुवावी.

२०१८ साली नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. ती गोचिडाच्याच जातकुळीतल्या, गवतात राहणाऱ्या अतिबारीक किड्यांच्या पिलांमुळे पसरते. म्हणून ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरांना दाखवावी आणि वावरात गेलो होतो हेही सांगावं. डॉक्सीसायक्लिन हे स्वस्त औषध त्यावर चालतं, पण वेळेत मिळालं पाहिजे.

माझी मागणी एवढीच आहे. दरवर्षी पोळ्याच्या आधी पंधरा दिवस पशुवैद्यकीय दवाखान्यांनी गावोगाव गोचीड निर्मूलनाचं शिबिर घ्यावं, जनावरांचं औषध तिथेच मोजून द्यावं, आणि कृषी केंद्रवाल्यांनी पऱ्हाटीचं औषध विकताना "हे जनावरांसाठी नाही" असं प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडानं सांगावं.

— एक सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ