आईच्या पायाचं माप

प्रिय आई आणि बाबा,

मागच्या महिन्यात फोनवर बाबांनी विचारलं, "सायकल चालू आहे ना?" मी "हो" म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. सायकल देऊन टाकली त्याला आठ महिने झाले. आता जी चालवते तिला तीन चाकं आहेत आणि तिच्यावर मी जवळजवळ आडवी असते.

आधी कारण सांगते, म्हणजे आईचा जीव टांगणीला लागायला नको. गेल्या वर्षी "सर्दीनंतर जरा चक्कर येते" असं तुम्हाला सांगितलं होतं ना, ती जरा नव्हती. आतल्या कानाला सूज आली होती, चार दिवस खोली गरगरत होती. चक्कर थांबली, औषधं थांबली, तोल मात्र पहिल्यासारखा झाला नाही. अंधारात अजून भिंतीला बोट लावून चालते. सायकलवर सरळ जाताना काही वाटायचं नाही, पण मागून गाडी येतेय का बघायला मान वळवली की सायकलही तिकडेच वळायची. दोनदा पडले. दुसऱ्यांदा तर थांबताना पडले: पाय टेकवायला गेले आणि जमीन जिथे असेल असं वाटलं तिथे ती नव्हती. मनगटाला बांधलेला पट्टा फोनवर दिसत नाही, म्हणून गप्प राहिले. रागवायचं असेल तर इथेच रागवून घ्या, पुढे बरंच लिहायचं आहे.

तोलाच्या व्यायामांना जायचे तिथे एक काका यायचे. अर्धांगवायूनंतर त्यांचा डावा हात नीट चालत नाही, तरी रोज आपले आपण येत, रेलून चालवायच्या तीनचाकीवर. रिकम्बंट ट्राइक म्हणतात तिला. दोन्ही ब्रेक त्यांनी उजव्या हाताच्या एकाच लिव्हरवर घेतले होते. एकदा म्हणाले, "बसून बघतेस का?"

बाबा, तुमच्या डोळ्यांसमोर नीट उभी राहावी म्हणून सांगते. आरामखुर्ची जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर आहे असं समजा. तिच्या पुढच्या अंगाला दोन्ही बाजूंना एकेक चाक, पाठीमागे तिसरं. पेडल पार पुढे, एका नळीच्या टोकाला. हँडल समोर नाहीच. हात बाजूला सैल सोडले की जिथे येतात तिथे दोन उभ्या मुठी. चेन पायांपासून निघून बुडाखालून मागच्या चाकाला जाते, साध्या सायकलच्या अडीच-तीन चेन जोडाव्यात एवढी लांब. टॅडपोल म्हणतात या प्रकाराला, बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लासारखी दिसते म्हणून. पुढे रुंद, मागे निमुळती.

ती चालवायला अशी शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते बसणं आणि उठणं, आणि मी बरोब्बर तिथेच आपटले. खुर्चीवर बसतो तशी पाठ करून खाली झाले, ब्रेक लावलेला नव्हता, गाडी सुळकन मागे गेली आणि मी जमिनीवर. काका हसले नाहीत, पण हसू दाबताना त्यांना खोकला आला. मग त्यांनी दाखवलं. लिव्हर दाबून धरायची आणि छोटी खिट्टी अडकवायची, म्हणजे चाकं जाम होतात. गाडी हलवून खात्री करायची. नळीच्या दोन्ही बाजूंना पाय घेऊन उभं राहायचं, पोटऱ्या सीटला लागेपर्यंत मागे सरकायचं, हात सीटच्या कडांवर, आणि मग बेतानं खाली. उठताना पाय आधी पेडलवरून काढून जमिनीवर, सीटच्या जितके जवळ घेता येतील तितके जवळ, ब्रेक घट्ट, आणि वाकून हातांनी रेटा. पेडलवर जोर देऊन उठायला गेलं की पेडल फिरतं आणि आपण परत खाली. हेही मी करून पाहिलं आहे.

नंतर नळी जमवायची. ती आत-बाहेर सरकते, ज्याच्या त्याच्या पायाप्रमाणे. टाच पेडलवर ठेवून पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवड्यानं पेडल मारताना गुडघ्यात थोडा बाक उरतो. मी पहिला आठवडा नळी दोन बोटं आतच ठेवली होती, पाय जवळ असले की धीर वाटायचा म्हणून. गुडघ्याची वाटी पुढून ठणकायला लागली. दोन बोटं बाहेर काढली आणि तीन-चार दिवसांत ठणका गेला. नळी फारच सरकवली तर चेनच्या कड्या कमी-जास्त कराव्या लागतात, ते काम मात्र दुकानात करून घेतलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात चेष्टा नाही. सायकलवर जरा काही झालं की आपण पाय टेकतो. ती सवय इथे घातक आहे. गाडी चालू असताना पाय पेडलवरून निसटून टाच जमिनीला लागली, तर पाय जागच्या जागी अडकतो, गाडी त्याच्यावरून पुढे जाते आणि तो सीटखाली ओढला जातो. घोटा मोडतो, गुडघा पिळवटतो. म्हणून पाय पेडलला धरून ठेवणारं काहीतरी हवंच. पेडलमध्ये खटकन बसणारे बूट असतात, नाहीतर टाचेला आधार आणि वरून पट्टा. मी पट्टेवाली पेडल घेतली आहेत. गाडी आपली आपण उभी राहते, त्यामुळे थांबल्यावरही पाय काढायची गरज नसते. सिग्नलला सगळे एक पाय टेकून तिरपे उभे असतात आणि मी मधोमध आरामात पडलेली. सुरुवातीला लाज वाटायची. आता मजा वाटते.

मुठी आवळून धरायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मी त्या अशा धरल्या होत्या की प्रत्येक पेडलबरोबर गाडी डावीकडे-उजवीकडे डोलत होती, पायाचा धक्का हातात उतरत होता. हात सैल सोडले आणि ती आपोआप सरळ धावली. आणि तीन चाकं आहेत म्हणून उलटतच नाही, असं समजू नका. उतारावरून जोरात येऊन वळलं की आतल्या बाजूचं चाक उचललं जातं. वळणाआधी वेग कमी करायचा आणि अंग वळणाच्या आत टाकायचं. एकदा उचललं गेलं होतं माझं. पुन्हा नाही.

खड्ड्यांचं दुखणं वेगळंच आहे. सायकलला सांभाळायची एकच रेघ असते, इथे तीन. पुढची दोन चाकं खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी अलगद काढली आणि "जमलं" म्हणेपर्यंत मागचं त्यात धाडकन. मागचं चाक थेट पाठीखाली असल्यामुळे दणका कुठे बसतो ते लिहीत नाही.

"एवढी खाली बसतेस, ट्रकवाल्याला दिसशील का?" हा प्रश्न आईच्या तोंडावर आलाच असेल. मलाही पडला होता. मागे उंच लवचीक काठीवर भगभगीत रंगाचा झेंडा आहे, माणसाच्या डोक्याच्याही वर जाणारा. दिवसाही मागचा दिवा लुकलुकता ठेवते. दोन्ही बाजूंना आरसे आहेत, त्यामुळे मान वळवायची वेळच येत नाही, आणि माझी खरी अडचण तर तीच होती. मी पाहते, लोक सायकलपेक्षा हिलाच जास्त जागा देतात. बहुतेक हे काय चाललंय तेच त्यांना कळत नाही. तरी मोठ्या गाडीच्या अगदी शेजारी थांबत नाही, कारण तिथे झेंडा काय आणि दिवा काय, ड्रायव्हरला माझ्यापैकी काहीच दिसत नसतं.

चढावर बाबांसारखं उभं राहून रेटता येत नाही. पाठ सीटला टेकवून पायांनी मरणाचा जोर लावता येतो, पण तो गुडघ्यांना महाग पडतो. हलका गिअर टाकायचा आणि पाय भराभरा फिरवायचे. थांबायच्या आधी गिअर हलका करायला विसरलं तर पुन्हा निघताना नाकी नऊ येतात. साध्या सायकली मला मागे टाकून जातात, जाऊ देत. पण कितीही हळू गेलं तरी ती पडत नाही. मध्येच ब्रेक लावून दम खाल्ला, झाडावरची माकडं बघितली, आणि तिथूनच पुन्हा निघाले, असं आयुष्यात कुठल्या चढावर केलं नव्हतं. पहिला महिना मांड्या आणि बूड भरून यायचं, कारण इथे वेगळेच स्नायू राबतात. मनगटं, मान आणि खांदे मात्र पहिल्या दिवसापासून मोकळे.

बाबा, तुम्ही म्हणाल, एवढी चांगली आहे तर रस्त्यावर दिसत का नाही? तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट आहे. शार्ल मोशे नावाच्या फ्रेंच माणसाने आपल्या मुलासाठी पेडलवर चालणारी चारचाकी गाडी बनवली. मुलाच्या आईला सायकल धोक्याची वाटायची म्हणून, असं सांगतात. तिच्यातूनच पुढे त्याने रेलून चालवायची दुचाकी काढली. १९३३ च्या जुलैमध्ये फ्रान्सिस फोर या दुसऱ्या फळीतल्या स्वाराने पॅरिसमध्ये तिच्यावर बसून तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलं. आधीचा विक्रम ऑस्कर एगचा, ४४.२४७ किलोमीटरचा, १९१४ पासून कोणाला मोडता आला नव्हता. मग काय, पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने सायकलची व्याख्या अशी केली की रेलून चालवायची सायकल शर्यतींतूनच बाद. शर्यतीत नाही म्हणून कारखान्यात नाही, कारखान्यात नाही म्हणून रस्त्यावर नाही, असं माझं मत. माझी तीनचाकी त्या दुचाकीएवढी वेगवान नाही, हे कबूल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. बाबा, तुमची सायकल व्यवस्थित चालू आहे, तुम्हाला यातलं काही नको. हे आईसाठी आहे.

आई, तू एकदाच सांगितलं होतंस, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर. मामाच्या सायकलवर शिकताना पडलीस, हनुवटीला टाके पडले, आणि मग सायकल कोणी हातात दिली नाही. मामाही पडला होता, पण त्याची सायकल त्याच्याकडेच राहिली. तोल सांभाळायला जमत नाही, असं तू इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हणाली आहेस की आम्हालाही ते खरं वाटायला लागलं. या गाडीला तोल लागतच नाही. परवा मोकळ्या मैदानात गोल गोल फिरत होते आणि सारखं मनात येत होतं, हे आईला पहिल्या पाच मिनिटांत जमेल.

माझी गाडी तुला फार बुटकी होईल, तुझे गुडघे मला माहीत आहेत. पण डेल्टा नावाचा दुसरा प्रकार असतो. पुढे एक चाक, मागे दोन. तिची सीट पुष्कळ वर असते, साधारण बैठ्या खुर्चीएवढी, आणि बसताना पुढून काही ओलांडावं लागत नाही. छोट्या जागेत वळतेही छान. उंच असल्यामुळे वळणावर वेगात नेली तर माझ्या गाडीपेक्षा लवकर कलंडते, पण तू वेगात जाणार नाहीस. गेलीस तर मला फोन कर, मला बघायचं आहे. व्यायामाच्या ठिकाणच्या एका बाईंकडे अशी गाडी पडून आहे, आणि पुढच्या महिन्यात येताना ती टेम्पोत घालून आणायला त्यांनी होकार दिलाय. पट्टे, आरसे, झेंडा, सगळं मी लावून आणीन. पहिले काही दिवस फक्त ब्रेक लावून बसायचं आणि उठायचं. तेवढं सहज व्हायला लागलं की मगच चाकं सोडायची.

त्यासाठी एक माप हवं आहे. आईला जमिनीवर बसवू नका. पलंग भिंतीला लावलेला आहे, त्यावरच पाठ आणि कंबर भिंतीला चिकटवून, पाय लांब करून बसायचं. भिंतीपासून तळव्यापर्यंत टेप धरायची, गुडघा दाबून सरळ करायचा नाही, जसा राहील तसा राहू दे. शिवणाच्या डब्यातली टेप चालेल. त्याच वेळी मागच्या दाराची रुंदीही घ्या, चौकटीच्या आतून आतपर्यंत, नाहीतर गाडी अंगणातच राहील.

माप बाबांनी धरावं आणि आईने वाचावं, कारण बाबा चष्मा न लावता वाचतात आणि मग वाद घालतात.

तुमची,
मनी