गाळाचं खत रानात जाऊ द्या, छातीत नको

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

चैत्रात गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. दुपारी वावटळ उठली. तासाभरानं वर गेले, तर पांढऱ्या धोतरावरच्या ओल्या कुरडयांवर राखाडी भुकटी बसलेली. बोटानं पुसून पाहिली. रानातली धूळ बोटाला खरखरीत लागते, ही पिठासारखी मऊ होती आणि वास मैल्याचा. आदल्या दिवशी शेजारच्या मोकळ्या रानात तीन हायवा डंपर रिकामे झाले होते. शहरातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला वाळलेला गाळ. तोंडाला पदर लावून चौघी बायका घमेल्यांनी तो पसरत होत्या. वाऱ्याकडे तोंड आलं की घमेलं तसंच उपडं करून मान वळवायच्या.

मी ३१ वर्षं उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. निवृत्तीनंतर भीमाकाठी घरची शेती बघते. त्यामुळे दोन्ही बाजू मला दिसतात. शेजारच्या दादांना विचारलं, तर ते म्हणाले, "वहिनी, शेणखत आता परवडतंय कुठं? हे फुकाट मिळतंय." खोटं काय त्यात? गोठे रिकामे झाले, जमिनीतला सेंद्रिय कर्ब गेला. या गाळात नत्र आहे, स्फुरद आहे. तो नदीत सोडण्यापेक्षा किंवा कचरा डेपोवर टाकण्यापेक्षा रानात आलेला कधीही बरा. माझी तक्रार तो ज्या रीतीनं येतो त्याबद्दल आहे. केंद्राचं किंवा ठेकेदाराचं नावही म्हणूनच लिहीत नाही.

माणसाच्या मैल्यापासून केलेल्या खताला आपल्या भाषेत सोनखत हा जुना शब्द आहे. कणकवलीला गोपुरी आश्रमात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी सोनखतावर आयुष्य वेचलं. त्या खताची सगळी शिस्त झाकण्यात होती. खड्ड्यात मैला, त्यावर माती आणि पालापाचोळा, मग कित्येक महिने मुरत ठेवायचं. बाहेर काढलं की ते ओलसर, मातीच्या वासाचं असायचं. आजचा गाळ यंत्रातून दाबून पाणी काढलेला आणि उन्हात वाळवलेला असतो. ढेकूळ हातात घेऊन चुरलं की त्याचा भुगा होतो, आणि तो उडतो.

"प्रक्रिया केलेला आहे, काही होत नाही," असं ड्रायव्हर सांगून गेला. वळवाचा पाऊस पडल्यावर आठ-दहा दिवसांत त्या रानात टोमॅटोची रोपं उगवली, एक-दोन नव्हे, पाटीभर. लावली कुणी? कुणीच नाही. शहरातल्या माणसांनी खाल्लेल्या टोमॅटोचं बी पोटातून, गटारातून, केंद्राच्या टाक्यांतून, वाळवणातून जिवंत आलं. आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत टाकीत हवा सोडून जिवाणूंकरवी पाणी स्वच्छ करतात. खाली बसलेल्या गाळाला जंतू मरतील इतकी उष्णता प्रत्येक ठिकाणी दिली जात नाही. बी तगलं, तर जंताची अंडी का तगणार नाहीत? शाळेतल्या पोरांना अल्बेंडाझोलच्या गोळ्या वाटण्यात माझी नोकरी गेली. ही अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात, हे मला कुणी शिकवायला नको. धुळीबरोबर ती हाताला, भाकरीला, पाण्याच्या घागरीला लागतात.

पण मला जास्त काळजी जिवंत जंतूंपेक्षा मेलेल्यांची वाटते. काही जिवाणू मेल्यावर त्यांच्या बाहेरच्या आवरणाचे तुकडे मागे राहतात. त्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात. धुळीतून ते छातीत गेले की खोकला येतो, छाती आवळते, जास्त गेले तर संध्याकाळी कणकण येते. हे मी घरात पाहिलंय. माझे वडील सोलापूरच्या कापडगिरणीत कामाला होते. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला गेले की रात्री छातीवर हात धरून उठून बसायचे, आई पाठ चोळायची. पुढं नर्सिंगच्या अभ्यासात बिसिनोसिस हा आजार शिकले तेव्हा कळलं की कापसाच्या धुळीत हेच एंडोटॉक्सिन असतं. मैल्याचा गाळ तर बराचसा जिवाणूंचाच बनलेला. त्या चौघींपैकी दोघी तिसऱ्या दिवशी खोकत माझ्या ओट्यावर आल्या. खोकला गाळानंच झाला असं मी छातीठोक म्हणणार नाही, उन्हाळा आहे, धूळ सगळीकडेच असते. पण "बाई, औषध द्या" म्हणून त्या आल्या, तेव्हा मला वडील आठवले.

अमेरिकेत शेतात गाळ टाकण्याचे नियम १९९३ पासून आहेत. एका ग्रॅम कोरड्या गाळात मैल्यातले कोलिफॉर्म जिवाणू १,००० च्या आत असले तर तो वरच्या वर्गात बसतो. खालच्या वर्गाला २० लाखांपर्यंत मुभा आहे, पण तो टाकल्यावर निदान ३० दिवस त्या रानात बाहेरच्या माणसानं पाऊल ठेवायचं नाही, जनावर चरायला सोडायचं नाही. तरी तिथंही तक्रारी झाल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा शेतांपासून साधारण किलोमीटरभरात राहणाऱ्यांनी, वारा तिकडून आला की डोळे, घसा आणि छातीत जळजळ होते, असं सांगितलं. दुसरीकडे अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी हवा मोजली, तर वस्तीचा धोका कमी आणि गाळ हाताळणाऱ्यांचा त्याहून जास्त निघाला. म्हणजे वाद वस्तीपुरता असेल. घमेलं उचलणाऱ्या बाईपुरता तो नाही.

उपाय आपल्याच माणसांनी काढलाय. मुंबईतल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर अहमदाबादेत रोज १०० टन वाळलेला गाळ कोबाल्टच्या गॅमा किरणांनी जंतुमुक्त करण्याचा प्रकल्प उभा राहिला. महाराष्ट्रातल्या शहरांनी तो मनावर घ्यावा. मात्र किरणांनी जंतू मरतात, धूळ मरत नाही, आणि मेलेल्या जंतूंच्या आवरणाचे तुकडे गाळातच राहतात. म्हणून पसरण्याची रीत सुधारल्याशिवाय भागणार नाही.

खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मोजमापं दिली आहेत. कॅडमियम किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत, शिसं १०० च्या आत, रोगजंतू अजिबात नकोत, ओलावा १५ ते २५ टक्के. गोणी शिवून विकली तर हे सगळं पाहिलं जातं. हायवानं फुकट आलेल्या ढिगाला कोण विचारतं? आमच्या रानात आलेल्या गाळाबरोबर तपासणीचा एक कागदही नव्हता.

कृषी खात्याला आणि शहरांच्या कारभाऱ्यांना माझी विनंती आहे. गाळ केंद्रातून निघतानाच ओलसर असू द्या, ताडपत्री बांधून आणा, सोबत तपासणीचा कागद द्या. माळावर वारं सुटलेलं असताना ढीग फोडू नका. रान नांगरून तयार असेल तरच गाडी बोलवा. वर पसरलेला गाळ सहा तासांत मातीत मिसळायचा, असा पर्याय अमेरिकेच्या नियमांत आहे. आपल्या रोटरला एकरभर रानाला एवढा वेळ लागतच नाही. हातानं पसरणाऱ्या बायकांना नाकावर घट्ट बसणारे मास्क आणि हात धुवायला साबण-पाणी मिळालं पाहिजे. पदरातून ही भुकटी सहज आत जाते. आणि शेजारच्या वस्तीला आदल्या दिवशी निरोप द्या, म्हणजे बाळंतिणीला, दम्याच्या म्हाताऱ्याला घरात ठेवता येईल, दारं लावता येतील.

गेल्या आठवड्यात दादांच्या रानात पुन्हा एक गाडी आली. या खेपेला मी आधीच जाऊन बसले. पाण्याचा टँकर लावला, ढीग भिजवला, त्यावर जुनं पाचट टाकलं. पहाटे वारा पडलेला असताना ट्रॅक्टरच्या फळीनं पसरला आणि दिवस वर यायच्या आत रोटर मारून घेतला. टँकरचे पैसे दादांनी आणि मी निम्मे-निम्मे दिले. त्या चौघींना त्या दिवशी खुरपणीला लावलं. हा टँकरचा खर्च गाळ पाठवणाऱ्यानं गाडीबरोबरच द्यायला हवा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, भीमाकाठ
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)